धोंडबाचा बिबट्या

धोंडबा गजभियेला चिडवायला फार डोकं चालवावं लागत नसे. त्याच्या बिबट्याला कुणी नुसतं नकली म्हटलं की पुरे. एवढ्यावर हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीतून ताडकन उठायचा, छाती पुढं काढायचा आणि म्हणायचा, “हात लावून पाह्य न बे! आंधळा होय का तू?”

आता बिबट्या म्हणजे काय, तर कातडं. धोंडबा वीस वर्षं फौजेत होता, आणि ती वीसही वर्षं पलटणीच्या बँडात. त्यातही बडा ड्रम. बँडात सगळ्यांना सारखी वर्दी, पण बडा ड्रम वाजवणाऱ्याच्या अंगावर वर्दीवरून आणखी एक चीज असते, बिबट्याचं अख्खं कातडं. मधे भोक पाडून गळ्यात घालायचं. छातीवर बिबट्याचं डोकं, पाठीवर शेपटी, आतून लाल बनातीचं अस्तर, बाजूला पितळी बकलं. इंग्रजांनी ही चाल आणली, ते गेले, चाल राहिली. आता सगळीकडं नायलॉनची कातडी आली, पण धोंडबा भरती झाला तेव्हा पलटणीकडं असली, खरंखुरं कातडं होतं. ते कुणी मारलं, कुठं मारलं, याच्या बँडात सात कहाण्या होत्या. खरं काय ते त्या बिबट्यालाच ठाऊक.

ते घालून परेड करणं म्हणजे गंमत नव्हती, बरं का. भर मे महिन्यात आत लोकरी वर्दी, वर कातडं, पोटावर ढोल आणि हातात पांढरे लांब हातमोजे. घामानं कातडं भिजलं की असा वास सुटायचा की मागचा बिगुलवाला श्वास रोखून वाजवायचा. पण धोंडबा सांगायचा ते खोटं नव्हतं. मैदानात जनरलसाहेब असोत की कर्नलसाहेब, आलेल्या बायापोरांची नजर पहिली जायची ती बिबट्यावरच.

नव्वद साली त्याची नोकरी संपायला आली आणि त्याच सुमारास वरून पत्र आलं की जुनी कातडी बाद, नवी नायलॉनची वापरा, जुनी जाळून टाका. जाळायचं काम अर्थातच धोंडबाकडं. तो बँडमास्तरसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, साहेब, जाळण्यापेक्षा मला द्या. साहेब भले माणूस. त्यांनी पाठ फिरवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मैंने कुछ नहीं देखा.” त्या दिवशी आगीत दोन जुनी पोती जळाली, कागदावर कातडं जळालं, आणि बिबट्या धोंडबाच्या काळ्या पेटीत बसून नागपूरला आला.

जरीपटक्याच्या कापडबाजारामागं त्याचं दोन खोल्यांचं घर. पेटी पलंगाखाली. दर दिवाळीच्या सुमारास तो बिबट्या काढायचा, उन्हात टाकायचा, कडुनिंबाचा पाला बदलायचा. त्याची बायको तुळसाबाई दरवेळी म्हणायची, “ठेवा न जी आता ते मढं. घरात वास मारून राहिला.” आणि तो दरवेळी म्हणायचा, “तुयाशी लगन व्हायच्या आधीपासून हा माया अंगावर होता.” 

असं चौतीस वर्षं सुखात चाललं होतं. मग शोभाताईंच्या डोक्यात स्मरणिका आली.

शोभाताई म्हणजे एका हवालदाराची विधवा, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. माजी सैनिकांचं महिन्याचं बसणं त्याच चालवायच्या. कामाच्या फार, माणूस म्हणून सोनं. त्यांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला एक पुस्तिका काढायची, आणि त्यात प्रत्येकानं आपल्या आगळ्या वर्दीची आठवण सांगायची. जी वर्दी घरच्यांनी कधी पाहिली नाही, जी घालून फोटोही नीट काढता आला नाही, अशी. त्यासाठी नोव्हेंबरातल्या एका रविवारी समाजभवनात सगळे जमले. ज्याच्याजवळ वर्दीतलं काही उरलं असेल त्यानं ते घेऊन यावं, असा निरोप होता.

पहिले बोलले चंपतराव. बर्फातली चाकरी केलेला माणूस. म्हणाले, “पांढरा सूट, आत पिसांचा कोट, त्याच्या आत आणखी एक, पायात तीन मोज्यांवर बूट. लघवीले जायचं त अर्धा घंटा आधी ठरवा लागे. आन खाली उतरलो की सगळं स्टोअरात जमा. सुतळीचा तोडा नाही ठेवू दिला गा मले.” सभागृह हसून लोळलं. मग रुपराव उठले. ते परदेशात शांतिसेनेत होते, निळी टोपी घातलेली. ती टोपी त्यांनी डोक्यावर ठेवली तर ती कानावरच अडकली. डोकं वाढलं की टोपी आटली यावर पुन्हा हसणं. एकूण दिवस मजेत चालला होता.

मग धोंडबानं पिशवीतून बिबट्या काढला.

मागची रांग उठून उभी राहिली. त्यानं तो गळ्यात घातला, बकलं लावली, शोभाताईंच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेका धरला आणि जागच्या जागी पाय आपटत चार पावलं टाकून दाखवली. म्हातारा एकदम पंचविशीचा दिसायला लागला. एका कानाचा उंदरांनी फन्ना उडवला होता, दोन-चार जागी केस गळले होते, पण ठिपके अजून जिवंत होते.

आणि चंपतरावांची जीभ वळवळली. तीस वर्षांची दोस्ती, चिडवल्याशिवाय कसं राहवेल? “काहून गा धोंडबा, जरीपटक्यातून आणलं का? धुतल्यावर रंग जाते का याचा?”

हशा झाला. कुणी म्हणालं, मीटरनं मिळते का? कुणी म्हणालं, माझ्या नातीच्या बर्थडेला असाच ड्रेस आणला होता. खरं तर इथं धोंडबानं हसून खाली बसायचं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण बिबट्या अंगावर असताना शहाणपण कुठून येणार! तो लालबुंद झाला.

“असली होय!” तो ओरडला. “नौकरीची कसम. पलटणीनं जाळायले सांगतलं होतं, म्या जाळलं नाही, घरी आणलं. मायाजोळ कागद नाही, पत्तर नाही, पण जनावर असली होय. ज्याले वाटते नकली, त्यानं याव आन हुंगून पाहाव!”

आणि चंपतराव खरोखरच उठले, त्यांनी हुंगलं, आणि शिंका देत म्हणाले, “असली होय बाप्पा!” टाळ्या पडल्या. धोंडबा धन्य झाला.

सभागृहात चाळीस माणसं होती आणि मोबाइल पंचेचाळीस. या मोबाइलांना आग लावावी असं कधी कधी वाटतं ते उगाच नाही. रात्र पडायच्या आत धोंडबाचं कसम खाणं निम्म्या नागपूरनं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पारशिवनीला पोचलं.

पारशिवनीकडं धोंडबाचा मुलगा होता, प्रशिक. चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. कामाला कुठं? तर जंगलखात्यात. सोळा वर्षं रोजंदारीवर वनमजूर. आग विझवायची, पाणवठे भरायचे, वाघ गावाकडं आला की लोकांना मागं रेटायचं. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत पहिल्यांदा त्याचं नाव लागलं होतं. आणि त्या खात्याच्या लेखी बिबट्याचं कातडं बिनकागदाचं घरात ठेवणं म्हणजे काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो स्वतः दोनदा पंच म्हणून उभा राहिला होता अशा केसमध्ये.

बुधवारी सकाळी तो मोटारसायकलवरून आला, तोंडावरची धूळही न धुता आत शिरला आणि बापासमोर उभा राहिला.

“बाबा, काय करून बसले तुमी हे?”

“काय केलं?”

“सात साल जेल हाय. सात! जमानत बी नाही होत लवकर. आन बाप कातडं ठेवते आन पोरगा जंगलखात्यात, मंग मले कोण ठेवते? उद्या दुपारी येऊन राहिले ते. आतल्या माणसानं मले सांगतलं. त्याची बी नौकरी जाईन मायामुळं.”

धोंडबाला आधी हे खरंच वाटेना. “कायचा जेल? म्या का मारला बिबट्या? मी जलमलो नव्हतो तेव्हाचा मेला असन तो. मी सांगतो न त्याईले सगळं. बँडमास्तरसाहेबाचं नाव सांगतो.”

“साहेब कुठं हाय?”

साहेब वारून बारा वर्षं झाली होती. आणि कागदावर तर कातडं नव्वद सालीच जळालेलं.

“मंग खरं सांगून देऊन टाकतो,” धोंडबा म्हणाला. “घेऊन जाव त्याईनं.”

“खरं सांगसान त तुमी आत आन मी घरी,” प्रशिक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “मले बी चांगलं नाही वाटून राहिलं बाबा. मी रोज लोकाईले सांगतो, जंगलातलं पान बी घरी नेऊ नका. आन मीच... पण सोळा साल झाले न जी. सोळा साल.”

तुळसाबाई दारात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “मंग आता करायचं काय?”

प्रशिकनं येतानाच उपाय आणला होता. मोटारसायकलच्या डिक्कीतून त्यानं एक पिशवी काढली. बाजारात थंडीच्या दिवसांत ती मऊ मऊ ब्लँकेटं मिळतात ना, वाघाची, गुलाबाची? त्यातलंच एक. बिबट्याच्या ठिपक्यांचं. टॅग अजून लटकत होता.

मग जे झालं ते सांगताना माझी जीभ जड होते. धोंडबानं स्वतःच्या हातानं ब्लेडनं अस्तर उसवलं. म्हणाला, तुमाले नाही जमणार, फाटन. लाल बनात वेगळी केली, बकलं वेगळी केली. बँडातल्या कुणा शिंप्यानं घातलेला जुना दोरा इतका पक्का होता की ब्लेड दोनदा मोडलं. तुळसाबाईनं मशीन काढली, ब्लँकेट कापलं, कातड्यावर ठेवून खडूनं आखलं आणि तेच जुनं अस्तर, तीच बकलं त्याला शिवली. बाई हाताची हुशार, तासाभरात दुसरा बिबट्या तयार झाला. लांबून पाहिलं तर सारखाच. एका कानाला तिनं कात्रीही मारली.

पहिला बिबट्या प्रशिकनं गच्चीवर नेऊन तेलाच्या डब्यात जाळला. भर दुपारी, वर शेजाऱ्यांना सांगून की मेलेली घूस सापडली. जळत्या केसांचा वास गल्लीभर पसरला. धोंडबा खाली पलंगावर बसून होता.  त्यानं दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते, कारण ते आपोआप ठेका धरायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. त्यात नंदिनी मॅडम म्हणून रेंजर बाई होत्या, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतलं, म्हाताऱ्याला “काका” म्हटलं. बाई दुष्ट असत्या तर धोंडबाला सोपं गेलं असतं. प्रशिक पारशिवनीला परत गेला होता, कारण तो इथं दिसायला नको होता.

मॅडमनी कातडं हातात घेतलं, एक केस उपटून चिमटीत चोळला, उलटं करून शिवण पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “काका, हे तर ब्लँकेट आहे.”

“हाव जी,” धोंडबा म्हणाला.

“मग तुम्ही एवढी कसम कशाला खाल्ली?”

आता बोलायचं होतं. वाक्य प्रशिकनं पढवून ठेवलं होतं. धोंडबानं भिंतीकडं पाहिलं, तिथं बाबासाहेबांची तसबीर होती, म्हणून नजर खाली घेतली. “फेकलं जी. चार लोकात बसलो होतो. जरा भाव खाल्ला.”

“असली नव्हतंच कधी?”

“नव्हतंच.”

मॅडम मनापासून हसल्या. जीपमधले दोघं गार्डही हसले. सुटल्याचं हसू होतं ते, कारण म्हाताऱ्या फौजीला उचलून न्यायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. त्यांनी पंचनामा लिहिला. मग जाता जाता म्हणाल्या, “काका, ऑफिसात फोनावर फोन येऊन राहिले. तुम्ही हेच एकदा कॅमेऱ्यासमोर बोला ना, म्हणजे विषयच संपेल.”

आणि धोंडबा बोलला. ब्लँकेट गळ्यात घालून, जरीपटक्याच्या गल्लीत उभा राहून. मी धोंडबा गजभिये, माजी सैनिक. मी जे बोललो ते खोटं होतं. लोकांची माफी मागतो.

पहिला व्हिडिओ निम्म्या नागपूरनं पाहिला होता, हा उरलेल्या निम्म्यानंही पाहिला. बाजारात भाजी घ्यायला गेला तर भाजीवाली म्हणायची, “काका, वाघोबा कुठं हाय?” पोट्टे मागून डरकाळी फोडायचे. डिसेंबरात प्रशिकचा कायम झाल्याचा हुकूम आला. त्यानं पेढे आणले, बापाच्या पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. धोंडबानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला खरंच आनंद झाला होता. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा हेच केलं असतं.

पण महिन्याच्या बसण्याला गेला आणि त्याला कळलं की आपण काय गमावून बसलोय. तो म्हणाला, आमच्या कँपात एकदा थंडीनं ढोलाचं कातडं फाटलं होतं. रुपराव डोळा मारून म्हणाले, “कोनतं कातडं, ब्लँकेटचं?” तो म्हणाला, आज दहा नंबरची बस मिळाली नाही, चालत आलो. त्यावरही कुणीतरी खोकलं. चंपतरावांनी तर कातडं स्वतः हुंगलं होतं. त्यांना शंका होती, पण ते काही बोलत नव्हते, आणि धोंडबाला त्यांना एकट्यालाही खरं सांगता येत नव्हतं. चंपतरावांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मुलाच्या हुकमावरची शाई अजून ओली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो शोभाताईंच्या घरी गेला. म्हणाला, “बाई, बिबट्याचं राहू द्या. दुसरं सांगतो, ते लिहा.”

शोभाताईंनी वही काढली.

त्यानं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत ढोल, बाजे सगळं मागं जमा केलेलं. लढाईत बँडवाले स्ट्रेचर उचलतात. दंडावर लाल फुलीची पांढरी पट्टी, हीच त्यांची वर्दी. धोंडबा तेव्हा वीस वर्षांचा. एका नाल्यात दोघं जखमी पडले होते. स्ट्रेचर एक. एक होता सुभेदार, दुसरा भंडाऱ्याकडचा गोविंदा, याच्याच भरतीचा. गोविंदाच्या मांडीला लागलं होतं, तो शुद्धीवर होता, बोलत होता. म्हणून त्यांनी सुभेदाराला आधी उचललं. गोविंदा म्हणाला, “धोंडबा, मले ठेवून जातं का?” हा म्हणाला, “आलोच.” आणि तो आला. जाऊन येऊन पाऊण तास लागला. गोविंदा बसल्या जागी, ज्या बाजूनं हे गेले त्या बाजूला तोंड करून मेला होता.

“मी गेलो होतो बाई परत,” धोंडबा म्हणाला. “त्याच्या घरच्याईले पत्र गेलं का जागीच गेला म्हणून. तसं नव्हतं. तो वाट पाहत होता. आन मी गेलो होतो. हे कोठी तरी लिहिलेलं असाव.”

शोभाताईंचं पेन मधेच कधीतरी थांबलं होतं. बाई कठोर नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांनी पंचवीस वर्षं शाळेत काढली होती. त्या हळूच म्हणाल्या, “काका, कुणी होतं का तेव्हा सोबत, जे सांगू शकेल?”

स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारा वारला होता. सुभेदार तर दवाखान्यात पोचल्यावरच गेला.

“राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “पण दुसऱ्याच्या घरचा शहीद आहे. तुमचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. उद्या त्यांच्या घरच्यांनी वाचलं आणि विचारलं, हे तरी खरं का, तर मी काय सांगू?”

 त्यानं मान हलवली. सव्वीस जानेवारीला पुस्तिका निघाली. अकराव्या पानावर त्याचा फोटो होता, ब्लँकेटातला, आणि वर लिहिलं होतं, ‘आमचे गमतीदार धोंडबा’.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं पुस्तिका तुळसाबाईसमोर ठेवली आणि गोविंदाचं सगळं तिला सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. नाला सांगितला, पाऊण तास सांगितला, ‘आलोच’ म्हणालेलं सांगितलं. तिला तर बिबट्याचं सगळं ठाऊक होतं. ब्लँकेट तिनंच शिवलं होतं, खोटं कशासाठी बोलला ते तिच्यासमोरच ठरलं होतं. तिच्याइतका त्याला दुनियेत कोण ओळखत होतं?

तांदूळ निवडता निवडता तिचे हात थांबले. तिनं सूप बाजूला सारलं आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, “खरंच का जी?”